ढोबळ दहा तास, निव्वळ सव्वाचार : कोची बंदरातील एका दिवसाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जानेवारी २०२५ मध्ये, नव्या हळदीची आवक वाढण्याच्या आधी, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणाऱ्या माझ्या मामांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पेढी आठवडाभरासाठी दिवाणजींच्या हाती सोपवली आणि घरच्या सगळ्यांना घेऊन समुद्रावर जायचे ठरवले. मामा ७१ वर्षांचे, मामी ६७ च्या आणि गुडघेदुखीने हैराण, माझी आई म्हणजे मामांची बहीण ६४ ची. त्याशिवाय मामेभाऊ, माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणाऱ्या वहिनी, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि मी, असे आम्ही सात जण होतो. बुधवारी रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेस, गुरुवारी मुंबईत बॅलार्ड पिअरवरून जहाज, शुक्रवार अख्खा समुद्रात, शनिवारी कोची, आणि त्याच संध्याकाळी परतीचा प्रवास असा कार्यक्रम होता. म्हणजे सबंध सफरीत जमिनीवर घालवायला मिळणारा दिवस एकच, आणि त्याच्या नियोजनाची जबाबदारी माझ्यावर आली.

या दिवसाची नोंद सविस्तर करून ठेवावी असे वाटण्याचे कारण असे, की तो दिवस बहुतांशी आखल्याप्रमाणे पार पडला, एका ठिकाणी माझ्या चुकीमुळे साफ फसला, आणि ज्या वेळेचा आराखड्यात मागमूसही नव्हता ती त्या दिवसातील सर्वांत भरीव ठरली. वहिनींना शाळेच्या सवयीने प्रत्येक गोष्टीची वेळ टिपून ठेवायची आवड आहे. खालील सर्व वेळा त्यांच्या वहीतून घेतलेल्या आहेत.

पट्टी

जहाजाच्या पत्रकात कोचीसमोर 'आगमन सकाळी ८, प्रस्थान सायंकाळी ६' एवढेच छापलेले होते, आणि ते वाचून घरातील प्रत्येकाने मनातल्या मनात दहा तास खर्च करून टाकले होते. मामेभावाला अलप्पुळाला जाऊन हाउसबोटीत जेवायचे होते, मुलाला अतिरप्पिळ्ळीचा धबधबा पाहायचा होता, आणि आईने कोणाकडून तरी ऐकले होते की मुन्नार 'तिथून जवळच' आहे. मुन्नार कोचीहून सुमारे १३० किलोमीटरवर आणि घाटात आहे, त्यामुळे त्यावर चर्चा करण्याची वेळ आली नाही. धबधबा सुमारे ७० किलोमीटर. अलप्पुळा मात्र पन्नास-पंचावन्न किलोमीटरच असल्याने मामेभाऊ हट्टाला पेटला.

तेव्हा मामांनी पेढीवर बसल्या बसल्या हिशेबाचा एक कोरा कागद पुढे ओढला आणि मला म्हणाले, "ढोबळ वजन सांगू नको की. बारदान वजा कर, तूट वजा कर, आणि निव्वळ किती भरतंय ते सांग." शेतकऱ्याच्या मालाची पट्टी करताना अडत्या जसा वरून खाली वजा करत येतो, तसा आम्ही तो दिवस वजा करत गेलो. प्रस्थान सहाला असले तरी प्रवाशांनी पाचपर्यंत जहाजावर असणे बंधनकारक होते, म्हणून एक तास गेला. जहाज आठला धक्क्याला लागले तरी दोर बांधणे, गँगवे म्हणजे उतरायचा जिना लावणे, बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी आणि मग डेकनिहाय उतरण्याचा क्रम, यांत साडेनऊच्या आत फाटकाबाहेर पडता येणार नव्हते. दीड तास गेला. परतताना पाचच्या ठोक्याला फाटकाशी पोहोचणे म्हणजे एक पंक्चर झाले तरी जहाज गमावणे, म्हणून फाटकाची वेळ मी चार धरली. आणखी एक तास. उरले साडेसहा. जाण्यायेण्याची ८० मिनिटे आणि जेवणाची ५५ मिनिटे वजा केल्यावर पट्टीच्या तळाशी सव्वाचार तास राहिले.

ही सव्वाचार तासांची रक्कम समोर आल्यावर अलप्पुळाचा प्रश्न कोणाला दुखावल्याशिवाय निकाली निघाला. त्या काळात राष्ट्रीय महामार्ग ६६ वर अरूर ते तुरवूर या पट्ट्यात उन्नत मार्गाचे काम चालू होते आणि तेथील वाहतूककोंडी कुप्रसिद्ध झालेली होती. एका बाजूचे दीड तास धरले तरी तीन तास रस्त्यात जाणार, ते सुद्धा सर्व सुरळीत झाले तर. एरवी जहाजातर्फे काढल्या जाणाऱ्या बसच्या सहलीला उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबते, आणि स्वतःच्या गाडीने गेलेल्यासाठी थांबत नाही, असा जगभरचा रिवाज आहे; तेव्हा स्वतंत्रपणे फिरणाऱ्याने बंदरापासून तासाभराच्या परिघाबाहेर जाऊ नये, हे मत मी त्या दिवशी बनवले आणि अजून बदललेले नाही. जहाजाची बस आम्ही नाकारली त्याचे कारण पैसा हे अर्धेच होते. चाळीस माणसांच्या चालीने मामींना चालता आले नसते, आणि मामींच्या चालीने चाळीस माणसांना.

बंदर आणि जुनी पेठ यांमधील अंतर

कोची हे ठिकाण एका दिवसासाठी सोयीचे का, याचे उत्तर त्या बंदराच्या घडणीत आहे. गोव्याला मुरगावच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रवाशाला पणजी किंवा जुने गोवे गाठायला तासभर तरी लागतो. कोचीत मात्र जहाज लागते ते विलिंग्डन बेटाला, आणि ज्यासाठी पाचशे वर्षे परदेशी जहाजे येत राहिली ती मट्टनचेरीची मसाल्याची पेठ त्या बेटापासून एका खाडीपलीकडे, पूल ओलांडून सहासात किलोमीटरवर आहे.

हे बेट नैसर्गिक नाही, ही गोष्ट वहिनींनी जहाजावरच सर्वांना सांगून ठेवली होती. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा असल्यामुळे मोठी जहाजे बाहेर समुद्रातच नांगर टाकून उभी राहत आणि माल होड्यांतून आत येई. १९२० मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने तो दांडा कापून खोल मार्ग काढला, १९२८ मध्ये 'पद्मा' हे जहाज आतल्या बंदरात शिरले, आणि पुढील काळात वेंबनाड सरोवराच्या तळातून उपसलेला गाळ भरावाला घालून हे बेट तयार करण्यात आले. त्याही आधीची कथा पुराची आहे. १३४१ साली पेरियारला आलेल्या महापुराने कोडुंगल्लूरचे, म्हणजे प्राचीन मुझिरिसचे, बंदर गाळाने बुजले आणि कोचीचे मुख मोकळे झाले, असे मानले जाते. आई बराच वेळ काही बोलली नाही. २००५ च्या पुरात सांगलीजवळच्या हरिपूरच्या, हळद साठवायच्या जमिनीखालील पेवांची काय गत झाली हे तिने डोळ्यांनी पाहिले आहे. पुराने पेठ बसवल्याचे मात्र ती पहिल्यांदाच ऐकत होती.

दिवस : सकाळ

नियोजनातील जो भाग मी आज कोणालाही बिनदिक्कत सुचवेन तो किनाऱ्यावर पाय ठेवण्याच्या आधीचा आहे. जानेवारीत कोचीला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, आणि आठला धक्क्याला लागणारे जहाज साधारण सात वाजता बंदराच्या तोंडातून आत शिरते. त्या वेळी बहुतेक प्रवासी नाश्त्याच्या रांगेत असतात. आम्ही मात्र चहाचे कागदी पेले घेऊन वरच्या डेकवर उजव्या कठड्याशी उभे होतो, कारण आत जाताना उजव्या हाताला फोर्ट कोची आणि डाव्या हाताला वायपीन बेट येते, आणि उजव्या काठावर चिनी जाळ्यांची रांग उभी असते. ज्या जाळ्यांसमोर दुपारी माणसांची दाटी होते ती सकाळी वरून, समुद्राच्या बाजूने, एकही डोके आड न येता दिसतात.

एक जाळे आमच्या समोर खाली गेले. सागवानी खांबांची आणि बांबूंची ती चौकट दहा मीटरच्या आसपास उंच असते. एका टोकाला चौकोनी जाळे ताणलेले, आणि दुसऱ्या टोकाला दोरांना वेगवेगळ्या उंचीवर बांधलेले दगड. एक माणूस आडव्या खांबावरून चालत पुढे गेला, त्याच्या वजनाने जाळे पाण्यात झुकले. काही वेळाने मागच्या चौघांनी दोर ओढले आणि दगड एकेक करून जमिनीला टेकत गेले. मामा हे सर्व कठड्यावर दोन्ही हात ठेवून पाहत होते. "हा काटा आहे," ते म्हणाले. "एका पारड्यात धोंडे आणि दुसऱ्यात मासळी." जाळे वर आले तेव्हा मासळीचे पारडे जवळजवळ रिकामे होते, हेही त्यांनी टिपले.

आठ वाजून पाच मिनिटांनी जहाज धक्क्याला लागले आणि आम्ही ९.४० ला फाटकाबाहेर पडलो. पट्टीपेक्षा दहा मिनिटे उशिरा. बारा आसनांची गाडी आणि चालक मी आठवडाभर आधीच ठरवून ठेवला होता आणि त्याला फाटकाच्या बाहेर, आत नव्हे, उभे राहायला सांगितले होते, कारण बंदराच्या हद्दीत बाहेरच्या वाहनाला परवाना लागतो. फाटकाशी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो. परत आत येताना जहाजाचे कार्ड आणि आधार दोन्ही दाखवावी लागतात, तेव्हा आधारकार्डे खोलीच्या तिजोरीत ठेवून उतरणाऱ्यांनी काय करायचे, हा प्रश्न त्या सकाळी रांगेतील दोन कुटुंबांना पडलेला दिसला.

जहाजाच्या बसगाड्या आधी फोर्ट कोचीला जातात आणि मट्टनचेरीला नंतर, असे चालकाने फोनवर सांगितले होते, म्हणून आम्ही क्रम उलटा लावला. तोप्पुंपडीचा पूल ओलांडून १०.१० ला आम्ही मट्टनचेरीच्या राजवाड्यासमोर होतो, आणि तिकिटाच्या खिडकीशी आमच्यापुढे चारच माणसे होती. हा राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधून कोचीच्या राजाला दिला आणि डचांनी १६६३ नंतर त्याची दुरुस्ती केली, म्हणून नाव पडले 'डच पॅलेस'. बाहेरून तो सांगलीच्या एखाद्या जुन्या वाड्याइतकाच साधा दिसतो. आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणातील प्रसंग चितारलेले आहेत, एकमेकांत इतके गुंतलेले की एका प्रसंगातील हात दुसऱ्याच्या झाडामागून निघाल्यासारखा वाटतो. मामी तेथील बाकावर बसून राहिल्या आणि वीस मिनिटे एकाच भिंतीकडे पाहत होत्या. मामांचे लक्ष पिवळ्या रंगावर गेले, आणि तो हळदीचा नसून खनिज मातीचा आहे असे वहिनींनी सांगितल्यावर त्यांना थोडे वाईट वाटले असावे.

फसलेला भाग

वहिनींना या सबंध दिवसातून एकच गोष्ट हवी होती. राजवाड्याच्या शेजारी, जवळजवळ भिंतीला भिंत लागून, १५६८ साली बांधलेले ज्यू लोकांचे 'परदेशी' या नावाचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे, आणि त्याच्या जमिनीवर अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या, हाताने निळे चित्र काढलेल्या फरश्या आहेत. दहावीच्या मुलांना व्यापारी मार्ग शिकवताना त्या फरश्यांची छायाचित्रे त्या वर्षानुवर्षे दाखवत आल्या आहेत. राजवाडा शुक्रवारी बंद असतो, हे मी आधी तपासले होते, आणि आपला दिवस शनिवार आहे म्हणून निश्चिंत झालो होतो. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार, आणि त्या दिवशी सिनेगॉग बंद असते, ही सामान्यज्ञानाची गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. ११ वाजता आम्ही गल्लीच्या टोकाशी असलेल्या बंद दारासमोर उभे होतो.

चूक पूर्णपणे माझी होती, आणि ती महत्त्वाची अशासाठी, की जहाजाचा वार प्रवाशाला बदलता येत नाही. एरवी एखादे ठिकाण बंद निघाले तर आपण दुसऱ्या दिवशी येतो. येथे दुसरा दिवस नव्हताच. आधी माहीत असते तर निदान वहिनींची अपेक्षा वेगळी बांधता आली असती. त्या काही बोलल्या नाहीत. बाहेरून दिसणारा १७६० चा घड्याळाचा मनोरा त्यांनी मुलाला दाखवला, त्याच्या तबकड्यांवर निरनिराळ्या लिप्यांतील अंक आहेत हे समजावले, आणि १९६८ मध्ये या वास्तूला चारशे वर्षे झाली तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी समारंभाला आल्या होत्या, हेही सांगितले. त्यानंतर त्या जरा पुढे जाऊन एकट्याच उभ्या राहिल्या. वहीत त्या पंधरा मिनिटांसमोर फक्त 'बंद' असे लिहिलेले आहे.

न आखलेला सव्वा तास

आराखड्यात त्या गल्लीतील मसाल्यांच्या दुकानांसाठी मी वीस मिनिटे ठेवली होती, ती सुद्धा खरेदीसाठी. गल्लीच्या दर्शनी भागातील दुकाने पर्यटकांसाठीच असतात. छोट्या टोपल्या, रंगीत पुड्या, चौपट भाव. मामांनी त्यांतल्या तीन ओलांडल्या आणि चौथ्या ठिकाणी, जेथे टोपल्या नव्हत्या पण पोत्यांचा वास येत होता, ते आत शिरले. ते गोदाम होते. आत एक वयस्कर गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून पावतीपुस्तकात काही लिहीत होते.

मामांनी मिरीच्या उघड्या पोत्यात हात घातला, मूठभर दाणे काढून तळहातांत चोळले, फुंकर मारून टरफले उडवली आणि एक दाणा दाताखाली धरला. मग पिण्याच्या पाण्याचा पेला मागितला. त्या गृहस्थांनी लिहिणे थांबवले. मामांनी दहाबारा दाणे पाण्यात टाकले. सगळे तळाशी गेले, एक तरंगत राहिला. पोल दाणा तरंगतो, आणि भेसळीला घातलेले पपईचे बीही तरंगते, हे मामांनी मुलाला सांगितले ते मराठीत, पण पुढची भर घातली ती त्या गृहस्थांनी, आणि त्यांची भाषा आम्हाला कळली. ते कोकणी बोलत होते. सोळाव्या शतकात गोव्यातून परागंदा होऊन कोचीला आलेल्या गौड सारस्वत कुटुंबांपैकी ते एक होते आणि घरात आजही कोकणीच बोलत. त्यांची 'हळदि' आणि आमची हळद यांत एका वेलांटीचे अंतर होते.

पुढचा तासभर दोन व्यापाऱ्यांचा होता. चांगली मिरी लिटरच्या मापात ओतून वजन करतात आणि निर्यातीच्या 'मलबार गार्बल्ड', म्हणजे निवडून स्वच्छ केलेल्या, प्रतीला लिटरमागे ५५० ग्रॅमच्या आसपास वजन भरावे लागते, हे त्यांनी माप काढून प्रत्यक्ष दाखवले. मामांनी त्यांना सांगितले की आमच्याकडे हळकुंड कानाजवळ मोडतात. नीट शिजून वाळलेले असेल तर मोडताना धातूसारखा आवाज येतो आणि आतला गाभा एकसारखा केशरी दिसतो, अर्धवट असेल तर ते नुसते वाकून तुटते. गृहस्थांनी मागच्या फळीवरून डबा काढला आणि 'अलप्पुळा' हळद पुढे केली. रंग जास्त, म्हणजे तो देणारे कुरकुमीन हे द्रव्य जास्त, आणि पीक मुळात अलप्पुळाचे नाहीच. ते तोडुपुळा आणि मुवाट्टुपुळाच्या बाजूला होते, नाव मात्र जेथून माल जहाजात चढे त्या बंदराचे. मामा मनापासून हसले. सांगलीच्या बाजारात येणारी हळदही निम्म्याहून अधिक वेळा बाहेरची असते, कर्नाटकातून, तेलंगणातून येते आणि 'सांगली' या नावाने पुढे जाते, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या विषयावर यार्डात रोज वाद होतात. मट्टनचेरीत १९५७ पासून मिरीच्या वायद्यांचा बाजार होता, आणि सांगलीत हळदीच्या वायद्यांचा. दोन्हीकडचे जुने सटोडिये कसे बसत, बोली कशी लागे, यावर त्या दोघांची वीस मिनिटे गेली.

मी घड्याळ पाहत होतो. ११.५० ला मी उठण्याची खूण केली आणि वहिनींनी मला हाताने थांबवले. आज विचार करता त्या दिवसातील सर्वांत योग्य निर्णय तो होता आणि तो माझा नव्हता. त्यांनी त्या गृहस्थांना एक प्रश्न विचारला: सतराव्या शतकात डच अधिकारी व्हॅन रीड याने मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यासाठी मदत करणारे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन वैद्य इथलेच ना? गृहस्थांच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहण्यासारखे होते. १६७५ साली त्या तिघांनी नागरी लिपीत कोकणीतून लिहून दिलेले प्रशस्तिपत्र १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात आहे, हे त्यांना पाठ होते. त्याचे छायाचित्र त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. वहिनींनी काचेवर वाकून ती अक्षरे वाचली. साडेतीनशे वर्षांपूर्वीची, कोचीत लिहिलेली, आपल्या लिपीतील अक्षरे. फरश्यांची भरपाई झाली असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारले नाही.

१२.३५ ला आम्ही बाहेर पडलो. वीस मिनिटांची ऐंशी झाली होती.

दुपार आणि परतीचा रस्ता

जेवणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मामी आणि आई शाकाहारी, आणि मट्टनचेरीत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती असल्यामुळे तेथे साधी थाळी मिळते, हे मला ठाऊक होते. पंचेचाळीस मिनिटांत आटोपले. मामेभावाचा मासळीचा बेत मात्र हुकला, आणि त्याने ते परतीच्या दोन्ही दिवसांत बोलून दाखवले.

साठ मिनिटे जास्त खर्च झाल्याने फोर्ट कोचीतील काही गोष्टी सोडणे भाग होते. वाहनांसह माणसे नेणाऱ्या रो-रो नौकेने वायपीनला जाऊन परत येणे मी रद्द केले; बंदराचे तोंड आम्ही सकाळीच पाहिले होते आणि संध्याकाळी पुन्हा पाहणार होतो. डच दफनभूमी सोडली. सेंट फ्रान्सिस चर्चला पंधरा मिनिटे दिली. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेल्या या चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली पुरले आणि चौदा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले; रिकाम्या जागेवरील दगड कठडा घालून जपलेला आहे. मुलाला त्या दगडापेक्षा छताला टांगलेल्या, बाहेरून दोरी ओढून हलवायच्या कापडी पंख्यांचे नवल अधिक वाटले. उरलेला वेळ आम्ही पर्जन्यवृक्षांच्या सावलीत आणि जाळ्यांजवळच्या रस्त्यावर घालवला. मामींना एका वेळी तीनचारशे पावलांपेक्षा जास्त चालवायचे नाही, हा नियम मी आखताना घातला होता आणि तो येथे उपयोगी पडला: प्रत्येक टप्प्याच्या शेवटी बसायला जागा होती. जानेवारी असला तरी दोननंतरची हवा अंगाला चिकटत होती, आणि हा क्रम सकाळीच लावला असता तर बरे झाले असते असे मला वाटले; पण मग राजवाड्यात बसगाड्यांबरोबर शिरावे लागले असते. दोन्ही गोष्टी साधणारा क्रम मला अजून सापडलेला नाही.

३.३० ला निघालो. पुलाच्या अलीकडे गाडी अठरा मिनिटे जागेवर उभी होती. चालक शांत होता, मी नव्हतो. ४.१० ला फाटकाशी पोहोचलो, म्हणजे आखलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटे उशिरा आणि जहाजाच्या मुदतीपेक्षा पन्नास मिनिटे आधी. वहीतील बेरीज केली तेव्हा राजवाडा, गल्ली, गोदाम आणि फोर्ट कोची मिळून चार तास पाच मिनिटे भरली. "पट्टी जुळली," एवढेच मामा म्हणाले. पाचला दहा मिनिटे असताना अलप्पुळाला गेलेले एक कुटुंब धावत गँगवेकडे येताना वरच्या डेकवरून दिसले. मामेभावाने त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले आणि विषय कायमचा संपला.

सहा वाजता जहाज सुटले, आणि जानेवारीत तेथे सूर्य सहा-वीसच्या सुमारास मावळत असल्याने बंदराच्या तोंडातून बाहेर पडताना जाळ्यांमागे आकाशात तांबूस रंग उरलेला होता. या वेळी फोर्ट कोची डाव्या हाताला आले. मामी खुर्ची ओढून कठड्याशी बसल्या होत्या.

नंतर केलेले बदल

त्यानंतर आमच्या ओळखीतील दोन कुटुंबांसाठी मी हाच दिवस पुन्हा आखून दिला, आणि तेव्हा तीन गोष्टी बदलल्या. जायच्या प्रत्येक ठिकाणापुढे त्याचा सुटीचा वार लिहून तो जहाजाच्या वाराशी ताडून पाहणे, ही पहिली. दुसरी रस्त्याची: फोर्ट कोचीपर्यंत वॉटर मेट्रो, म्हणजे शहरातील प्रवासी बोटींची सेवा, २०२४ पासून होतीच, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मट्टनचेरी आणि विलिंग्डन बेट ही स्थानकेही सुरू झाल्याने आता पुलावरची कोंडी टाळून पाण्यावरून जाता येते, आणि ज्याने आयुष्यभर कृष्णेचे पाणी पुलावरूनच पाहिले त्याला ती वीस मिनिटे फुकट गेल्यासारखी वाटणार नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे सव्वाचार तासांतील एक तास मी आता कोराच ठेवतो. तो कोणत्या जागी खर्च होईल हे त्या कुटुंबातील माणसे कोण आहेत त्यावर ठरते. द्राक्षबागायतदाराचा तास मसाल्याच्या गोदामात जाईलच असे नाही.

फेब्रुवारीत नवी हळद यार्डात आल्यावर मामांनी त्यातून अर्धा किलो राजापुरी हळकुंडे स्वतः निवडली, प्रत्येक कानाजवळ मोडून नव्हे तर नखाने वाजवून, आणि मट्टनचेरीला पाठवली. पाकिटावरचा पत्ता वहिनींनी लिहिला, इंग्रजीत आणि त्याखाली नागरीत.